उपासाचं ताट

१

पोपट वाळूत गुडघे टेकून बसला होता आणि हवेतून काहीतरी वेचत होता. चिमटीत धरायचा, डोळ्यांजवळ नेऊन निरखायचा आणि सदऱ्याच्या खिशात जपून ठेवायचा. चिमटीत काहीच नव्हतं.

आधी रंभाला वाटलं, नवरा थट्टा करतोय. लग्नाला दोन महिने होत आले होते आणि थट्टा हा त्याचा आवडता उद्योग होता.

"अहो, काय करताय? लोक बघत्याल."

त्यानं मान वर केली. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळ्यांचा मूळचा तपकिरी रंग कुठं शिल्लकच नव्हता.

"सूत लोंबतंय सगळीकडं," तो जड जिभेनं म्हणाला. "आई कुठं गेली? मेंढरं आत घ्या की आधी!"

त्याची आई वारून बरीच वर्षं झाली होती. मेंढरं तर आजोबांच्या काळातच गेली होती.

मग तो एकदम उठला आणि भीमेच्या पाण्याकडं धावत सुटला. रंभानं किंकाळी फोडली. भर दुपारच्या उन्हात ती किंकाळी नदीच्या पलीकडच्या काठापर्यंत गेली असेल.

त्यानंतर एकच गोंधळ उडाला. बंगल्यामागच्या स्वयंपाकघरातून स्वयंपाक करणारी गिताबाई "साप! इच्चू! काय चावलं?" असं ओरडत निघाली. तिच्या मागोमाग रंभाच्या जाऊबाईंचा, नकुशीचा आवाज आला: "रंभीला येड लागलं! धरा, धरा तिला!" व्हरांड्यातून तिथंच उतरलेले म्हातारे रखमाजी आबा काठी टाकून पळत आले. त्यांनी आणि नकुशीच्या नवऱ्यानं, भिमाजीनं मिळून पोपटला पाण्याच्या काठावर धरला. तो लाथा झाडत होता, आईला हाका मारत होता.

नकुशी कोपऱ्यावरून वळली, समोरचं दृश्य तिनं पाहिलं आणि जागच्या जागी थिजली. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"भावजी?" ती म्हणाली. मग रंभाचा दंड तिनं एवढा घट्ट धरला की बांगडी पिचली. "रंभे, तू जेवलीस का? तुझं ताट कुठंय?"

रंभानं नजर खाली वाळूकडं वळवली. कारण ते ताट तिनं घटकाभरापूर्वीच वाळूत पुरून टाकलं होतं.

२

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना होता. रेल्वेचा संप चालू होता, दौंडचं एवढं मोठं जंक्शन सुनंसुनं पडलं होतं, आणि अशा दिवसांत ही मंडळी मौज करायला नदीकाठी आली होती.

जागा होती शंकररावांची. शंकरराव मूळचे खुटबावचे. तरुणपणी बोटीवर आचारी म्हणून गेले आणि हिंडत हिंडत बार्बाडोस नावाच्या बेटावर एका हॉटेलात चिकटले. परत आले ते डोक्यात एक खूळ घेऊन. भीमेच्या काठचा एक पडका बंगला त्यांनी डागडुजी करून घेतला, वाळूत शिंदीच्या झावळ्यांच्या छत्र्या उभ्या केल्या, प्रत्येक छत्रीखाली एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या, आणि दारावर पाटी लावली: 'बार्बाडोस. फक्त जोडप्यांसाठी.' एकदा पैसे भरले की न्याहारी, जेवण, सरबत, चहा सगळं त्यातच. हवं तेवढं खा, नदीत डुंबा, झोपा. दौंडातले लोक पोट धरधरून हसले. घरची भाकरी सोडून बायकोला घेऊन दुसऱ्याच्या दारी जेवायला कोण जाईल?

नकुशीनं जायचं ठरवलं. पोपटचा चुलतभाऊ भिमाजी, त्याची ही बायको. तळेगाव ढमढेऱ्यात दोन्ही घरं एकाच अंगणात. "नवं लगीन हाय, जावा की जोडीनं," असं ती पोपटच्या मागं लागली. "आमीबी येतो सोबतीला." भिमाजीला मुळीच यायचं नव्हतं, पण बायकोपुढं त्याचं काय चालणार!

एस. टी.त नकुशी रंभाशेजारी बसली होती. न्हावरं मागं पडलं तसं तिनं हळूच विचारलं होतं, "रंभे, तुझी ती आत्या, ताईबाई. अजून तशीच हाय का गं?"

रंभाला तो विषय नको असायचा. ताईबाई आत्या तरुणपणी सासरी एके दिवशी जेवून उठली आणि बरळत सुटली. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली, पण तोवर नवऱ्यानं तिला कवठे येमाईला बापाच्या दारात आणून सोडलं होतं. तेव्हापासून ती गोठ्याशेजारच्या खोलीत राहायची. बोलायची नीट, काम करायची नीट. फक्त जेवताना विचित्र वागायची. चिमूटभर चाखायची, मग हात आवरून बराच वेळ बसून राहायची आणि मग जेवायची. घरात त्याला आत्याचं येड म्हणत.

"तशीच हाय," रंभा म्हणाली होती.

"रक्तात असतं म्हणं ते," नकुशी खिडकीबाहेर बघत म्हणाली होती.

आज रविवार. जेजुरीच्या खंडोबाचा वार. नव्या सुनेनं लग्नानंतरचे रविवार धरायचे ही पोपटच्या घरची रीत, म्हणून रंभाचा उपास. बाकी सगळ्यांसाठी शंकररावांनी बेटावरचा बेत केला होता: नदीतला मासा मसाला लावून तळलेला, नारळाच्या दुधात चवळी घालून शिजवलेला भात, तुपात परतलेली केळी. रंभासाठी मात्र भगर आणि शेंगदाण्याची आमटी, वेगळ्या ताटात.

आणि तिथंच घात झाला. छत्रीखाली दोघंच. झावळ्या खालपर्यंत आलेल्या, त्यामुळं कुणाला काही दिसत नव्हतं. नवरा जेवल्याशिवाय ती जेवेना, आणि ती जेवल्याशिवाय तो जेवेना. शेवटी पोपटनं माशाचा तुकडा तिच्या ओठांशी नेला. "खा. तुझा उपास मी करतो." ती नको नको म्हणाली, हसली आणि तिनं तोंड उघडलं. मग मात्र तिनं त्याचं सगळं ताट फस्त केलं, आणि त्यानं तिची भगर-आमटी ओरपली. "आमटी जरा कडवट हाय, शेंगदाणं खवट असत्याल," एवढंच तो म्हणाला होता.

जेवून झाल्यावर ती भानावर आली. माशाचे काटे तिनं सवयीनं आपल्याच, उपासाच्या ताटात टाकले होते! कुणी पाहिलं तर? तो वाळूत आडवा झाला तेव्हा तिनं ते ताट, वाटी, काटे, सगळं छत्रीमागं खड्डा करून गाडलं. आणि नदीवर हात धुऊन घटकाभरानं ती परत येऊन बघते, तर नवरा हवेतलं सूत वेचतोय.

खंडोबाला फसवलं, आणि खंडोबानं तिच्या कुंकवालाच हात घातला. रंभाला दुसरं काही सुचतच नव्हतं.

३

पोपटला आतल्या खोलीत बाजेवर बांधून ठेवावं लागलं. शंकरराव डॉक्टरला आणायला जीप घेऊन दौंडला गेले. संपाच्या बंदोबस्तातून वाट काढत ते कधी परत येतील याचा नेम नव्हता.

सुदैवानं तिथं कुशाबाई होत्या. त्या आणि रखमाजी आबा हे तिसरं जोडपं. आबा रेल्वेतले रिटायर गार्ड, कुशाबाई इस्पितळातल्या रिटायर मेट्रन. उभ्या जन्मात दोघं मिळून कुठं गेली नव्हती, म्हणून लेकानं हट्टानं पाठवलेलं. काल संध्याकाळी कुशाबाईंनी "जय भीम" म्हणून सगळ्यांना आपल्या थर्मासमधला चहा देऊ केला, तेव्हा नकुशीनं नाक मुरडून कप खाली ठेवला होता. रंभा मात्र तो आवडीनं प्यायली होती.

कुशाबाईंनी पोपटच्या पापण्या उघडून पाहिल्या, जिभेला बोट लावलं, अंगाला हात लावला. अंग तापलेलं, जीभ कोरडी ठणठणीत. मग त्यांनी रंभाला बाहेर बोलावलं.

"बाळ, हे ऊन लागल्याचं न्हाई. बाहेरचंबी न्हाई, देवाचंबी न्हाई. हे धोतऱ्याचं बी हाय. अशी माणसं लई बघितली मी वॉर्डात."

"जगत्याल का हो?" रंभाच्या तोंडून कसंबसं निघालं.

"काळीज धडधडतंय त्याचं. रात्र पार पडली तर जगंल." त्या जराशा थांबल्या. "पण धोतरा आपल्या पायानं चालत ताटात येत न्हाई. कुणीतरी वाटून घातलाय. आन् तो माणूस हितंच हाय. संध्याकाळचं जेवण वाढलं जाईल तवा त्यो आपल्याच पंगतीला बसंल."

 स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. रंभानं पदर नाकाला लावला. बंगल्यात मोजून आठ माणसं, आणि त्यातल्या एकाचा हात ताटापर्यंत पोचला होता. आता कोण काय वाढील आणि कुणाच्या हातचं पाणी प्यावं?

कुशाबाई मात्र थेट स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. रंभा त्यांच्या पदराला धरल्यासारखी मागं.

"मासा एका कढईतला, भात एका पातेल्यातला," गिताबाई रडकुंडीला येऊन म्हणाली. शंकररावांची ही बायको, हाताला चव असलेली आणि जिभेला लगाम नसलेली. "समद्यांनी त्योच खाल्ला. मग ह्यांनाच कसं झालं? आमचा धंदा बुडवायला कोण टपलंय कळंना. भांडी तर मी लगेच घासून टाकली हो."

"आज सकाळपासनं काही येगळं घडलं का?"

"येगळं काय? पाटा तेवढा वला व्हता. म्या तर वाटण वाटायलाबी बसले नव्हते. नकुशीबाई म्हणल्या, उपासाच्या आमटीला शेंगदाण्याचं कूट मीच वाटून घातलं, तुमाला मदत." गिताबाईनं नाक पुसलं. मग रंभाकडं बघून आवाज खाली आणला. "आन् त्या तर सकाळीच म्हणत व्हत्या, पोरीचं लक्षण बरं न्हाई, काल रातच्याला एकटीच बडबडत व्हती, लक्ष ठेवा."

"मी?" रंभा दचकली. "मी कवा बडबडले?"

कुशाबाईंनी नुसतं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि उठल्या.

भिमाजी झाडाखाली तोंड पाडून बसला होता. कुशाबाई जवळ येताच त्यानं काहीतरी धोतराखाली दडवलं. ती दारूची बाटली निघाली.

"पोपटला पाजली का?"

"न्हाई हो बाई, आईची आण! त्यानं तोंडाला लावली न्हाई. उलट मलाच झापलं. बाचाबाची झाली आमची, हे खरं हाय." त्याचे डोळे भरून आले. "पर त्यो माझ्या पाठच्या भावावाणी हाय. मी कशाला त्याच्या वाईटावर जाईन?"

मग त्याची नजर रंभावर गेली आणि कठीण झाली.

"मला इचारताय, तर हिलाबी इचारा की. जेवण झाल्यावर छत्रीमागं वाळूत काय पुरत व्हती ही?"

४

सूर्य नदीपलीकडं उतरू लागला तसे सगळे व्हरांड्यात जमले. आतून पोपटचं बरळणं ऐकू येत होतं. मध्येच तो हसायचा, आणि ते हसणं रडण्याहून वाईट होतं.

"बघा, मी म्हणतच व्हते," नकुशी छाती पिटत म्हणाली. "ताट हिनंच भरलं त्याला. दुसरं कोण व्हतं त्या छत्रीखाली? लगनात कशी रडली ही, सगळ्या तळेगावानं बघितलंय. मनाविरुद्ध दिली व्हती."

"सगळ्याच पोरी रडत्यात," गिताबाई पुटपुटली, पण तीही रंभापासून दोन हात सरकून बसली.

"दादला मारून माहेरी पळायचं व्हतं हिला. न्हाईतर येड तरी लागलंय. हिच्या घराण्यातच हाय ते. डॉक्टरसंगट पोलीस बी येऊ द्यात, मी सांगते त्यांना."

रंभा खांबाला धरून उभी होती. तिला समोर सगळं लख्ख दिसत होतं. नवरा गेला तर नवऱ्याला मारणारी म्हणून तुरुंग. नवरा जगला तरी कोण तिला घरात घेणार? गोठ्याशेजारी अजून एक खोली बांधतील, आणि दोन येड्या शेजारी शेजारी बसतील, आत्या आणि ती. खरं सांगावं, तर उपास मोडल्याचं सांगावं लागेल. मग देवाला फसवून नवऱ्याला खाल्लं, असं सगळे म्हणणार. गप्प राहावं, तर खुनी.

कुशाबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाळ, मी एकच इचारते. सगळ्यांनी जे खाल्लं त्यानं कुणालाच काही झालं न्हाई. मग पोपटरावांनी एकट्यानं असं काय खाल्लं?"

 आत पोपट "आई, आई" करत होता. ती हाक ऐकली आणि तिचा बांध फुटला.

"माझं ताट खाल्लं त्यांनी," ती ओरडलीच. "मी उपास मोडला! मासा खाल्ला मी, पोट भरून खाल्ला! आन् माझी भगर-आमटी त्यांनी खाल्ली. खंडोबानं माझी शिक्षा त्यांना दिली. मला न्या पोलिसात, पर त्यांना वाचवा!"

 तेवढ्यात भिंतीशी काहीतरी ठणकन पडलं. नकुशीच्या हातातला तांब्या होता तो.

५

"चल, दाखव," कुशाबाई म्हणाल्या.

छत्रीमागची वाळू रखमाजी आबांनी काठीनं उकरली. आधी माशाचे काटे वर आले, मग ताट, मग वाटी. वाटीच्या तळाला आमटी वाळून चिकटली होती. कुशाबाईंनी ती नखानं खरवडून तळहातावर घेतली, मावळतीच्या उजेडाकडं धरली. कुटात चपट्या फिकट बियांचे तुकडे दिसत होते.

"ह्या मिरचीच्या बिया न्हाईत. मागच्या वाटेनं धोतऱ्याची झाडं हायेत, मघा बघून आले मी. त्यातलं एक बोंड ताजंच खुडलंय." त्यांनी वाटी आबांच्या हाती दिली. "समद्यांनी भांडी घासली. ह्या पोरीनं भिऊन ताट पुरलं, म्हणून हे वाचलं."

"म्हंजी गुन्हा कबूलच की!" भिमाजी म्हणाला.

"कसला गुन्हा? भिमाजी, जरा डोकं लावा. उपासाचं ताट कुणासाठी व्हतं? पोपटरावांसाठी व्हतं का? रविवारच्या दिवशी उपासाच्या आमटीला तो हात लावील, हे कुणाच्या सपनात तरी आलं असतं का? धोतरा ज्यानं घातला, त्यानं तो रंभासाठी घातला. दुपारपासनं आपण पोपटरावांचा वैरी शोधतोय. त्यांना वैरीच न्हाई."

रंभाला आता पोपटचं जेवतानाचं बोलणं आठवलं. तो कडवट घास तिचा होता.

"कूट कुणी वाटलं, ते गिताबाईंनी सांगितलं," कुशाबाई पुढं म्हणाल्या. त्या नकुशीकडं पाहत नव्हत्या, नदीकडं पाहत होत्या. "तेवढ्यावर मी बोट दाखवलं नसतं, कूट कुणीबी वाटंल. पण दुपारी रंभा किंचाळली तवा गिताबाई साप-इच्चू ओरडत आल्या. नदीकाठी बाईमाणूस किंचाळलं तर कुणाच्याबी मनात तेच येईल. एकीच्या मनात मात्र दुसरंच आलं. स्वयंपाकघरातनं वाळू दिसत न्हाई. काही दिसायच्या आत ती वरडली, रंभीला येड लागलं, धरा तिला. येडच लागणार, हे तिला कसं ठावं? आन् सकाळपासनंच ती सगळ्यांच्या कानात भरवत व्हती, पोरीचं लक्षण बरं न्हाई."

नकुशी वाळूत मटकन बसली.

"मला मारायचं नव्हतं," ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "म्या भावजींना लहानाचं मोठं केलं. एवढुशा बियांनी कुणी मरत न्हाई म्हणं. दोन दिस नुसतं येडं दिसायचं व्हतं हिनं, परक्या लोकांम्होरं. मग भावजींनी हिला माहेरी धाडली असती. माझी धाकटी भन धुरपदा त्यांच्यासाठी तीन वर्सं बसून हाय. म्या आईला शबुद दिला व्हता, दोघी बहिणी एका अंगणात नांदू म्हणून. आन् मामंजींनी कवठ्याची पोरगी आणली."

भिमाजीनं हात उगारला, पण त्याचा हात वरच राहिला. तो वळला आणि नदीकडं तोंड करून उभा राहिला.

"मारायचं नव्हतं, हे मला पटतं," कुशाबाई म्हणाल्या. "पोलिसांना मी तेबी सांगंन. पण मेल्याला चार माणसं रडत्यात तरी. ह्या पोरीला तुम्ही जितेपणी पुरणार व्हता."

रस्त्यावर जीपचे दिवे दिसले. डॉक्टर येत होते.

६

पोपट जगला. सकाळी त्यानं डोळे उघडले, रंभाला ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, "उपास सुटला का माझा?" रंभा एकाच वेळी हसली आणि ओक्साबोक्शी रडली. शंकररावांनी भाताची पेज आणून ठेवली, तर ती तिनं पोपटच्या हाती जाऊच दिली नाही. आधी आपण दोन घोट घेतले आणि वाटी मांडीवर धरून बसून राहिली. 

पुढं जाबजबाब झाले, भावकीच्या बैठका झाल्या, अंगणात मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. ते सगळं व्हायचं तसं झालं. रंभाच्या मनात मात्र भलतंच घोळत होतं. शेवटी ती एकटीच कवठे येमाईला गेली.

आत्या गोठ्याशेजारी शेण थापत होती. रंभानं तिला हात धुवायला लावले, दोघींसाठी भाकरी-भाजी वाढून आणली आणि समोर बसली.

"आत्या, सासरी तुला ज्या दिवशी तसं झालं, त्या दिवशी तू काय खाल्लं व्हतं?"

ताईबाई आत्या तिच्याकडं बघतच राहिली. रंभाला वाटलं, हिला आठवणार नाही, एवढी वर्षं झाली.

"मेथीची भाजी," आत्या लगेच म्हणाली. "थोरल्या जावंनं केली व्हती, माझ्यापुरती येगळी. लई कडू लागली. म्या म्हणलं, मेथी कडूच असायची."

"मग तू कुणाला सांगितलं न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाई, पोरी."

आत्यानं ताट जवळ ओढलं. भाजीतलं चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं आणि हात आवरून, दाराबाहेर बघत बसून राहिली. लहानपणापासून रंभानं ते पाहिलं होतं आणि तोंडाला पदर लावून हसलीही होती.

रंभानं आपल्या ताटातलं चिमूटभर चाखलं, आणि आत्याबरोबर तीही थांबली.